मदत हवी आहे: निवृत्तीच्या रंगीत तालमीत मिसळ बंद झाली, गाडी मात्र चालूच आहे

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या घरचा आहे, पण सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावरच्या बऱ्याच घरांत हेच चालू असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. हे अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहेत, ३१ वर्षं झाली. येत्या ऑगस्टअखेर ५८ पूर्ण, म्हणजे निवृत्ती. मी घरीच पिको-फॉल आणि ब्लाउज शिवते, त्याचे महिन्याला सरासरी साडेचार हजार येतात. मुलीचं लग्न झालंय, घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. एवढं देवाच्या दयेने ठीक आहे.

दिवाळीनंतर ह्यांनी जाहीर केलं की निवृत्तीनंतर जेवढे पैसे येतील तेवढ्यातच आत्तापासून राहून बघायचं. कल्पना मला मनापासून आवडली. ह्यांनी स्वयंपाकघराचं स्टोअर केलं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आणल्याची तारीख, आणि आतून एक रेघ. डाळ रेघेच्या खाली गेली की यादीत लिहायची, त्याआधी आणायची नाही. जुनं आधी संपवायचं, नवं मागे ठेवायचं. पहिल्याच आठवड्यात मागच्या फळीतून तीन अर्धवट पोह्यांचे पुडे, दोन हिंगाच्या डब्या आणि २०२३ सालचा साबुदाणा निघाला. किराणा महिन्याला खरोखर अकराशे रुपयांनी उतरला. ज्यांना काटकसर कुठून सुरू करावी कळत नाही, त्यांनी आधी आपलं फडताळ मोजावं.

औषधांचंही तसंच. मला चार वर्षांपासून साखर आहे. डॉक्टरांना विचारून त्याच घटकाच्या गोळ्या जन औषधी केंद्रातून घ्यायला लागले. आधी महिन्याचे ६४० जात होते, आता १९० जातात. चांदवडला आईकडे एसटीने जाते, तिथे मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. आई ७८ वर्षांची, ती ७५ च्या वर म्हणून फुकट येते आणि आल्यावर कंडक्टर किती अदबीने बोलला ते आधी सांगते. ह्यांना मात्र एसटीत अर्ध्या तिकिटासाठी ६५ पर्यंत थांबावं लागेल. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० पासून बंदच आहे, ती हिशोबात धरू नका.

आता गाडं कुठे अडलं ते सांगते.

ह्यांनी रविवारची मिसळ बंद केली. कारखान्यातले चौघे मित्र गेली अठरा वर्षं दर रविवारी सकाळी मिसळ खायला जमतात. १२० रुपये प्लेट, महिन्याला ४८० रुपये. ह्यांनी वहीत तो खर्च ‘अनावश्यक’ रकान्यात टाकला आणि मित्रांना सांगितलं की पोटाला तिखट सोसत नाही. त्या दिवसापासून घरात रविवार सकाळी फार शांतता असते. डबे पुन्हा पुन्हा तपासले जातात. पेपर बंद केलाय, त्यामुळे वाचायलाही काही नाही. मित्रांचे फोन आले की दोन वाक्यांत संपतात. मला हे बघवत नाही.

आणि त्याच वेळी खाली पार्किंगमध्ये २०१४ ची गाडी उभी आहे. तिला हात लावायचा नाही! मी गेल्या वर्षाच्या पावत्या काढून बसले. विमा ८,२००, सर्व्हिसिंग ९,५००, नवी बॅटरी ५,३००, पेट्रोल साधारण १२,५००. एकूण ३५,५०० रुपये, आणि वर्षभरात गाडी धावली १,९०० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला पावणेएकोणीस रुपये, तेही गाडीची किंमत दरवर्षी घसरते ते न धरता. हे म्हणतात, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायला गाडी लागते. मुद्दा चुकीचा नाही. पण रात्रीच्या वेळी ह्यांना समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, मला गाडी येत नाही, मग त्या रात्री चालवणार कोण?

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आरोग्य विमा. कंपनीचं संरक्षण निवृत्तीच्या दिवशी संपतं. दोघांच्या पाच लाखांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला ३८,००० सांगितलाय. हे म्हणतात आपण ठणठणीत आहोत, सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड मिळेलच. ते मिळेल, पाच लाखांचं आहे, उत्पन्नाची अटही नाही. पण सत्तर यायला ह्यांना बारा वर्षं आहेत आणि मला पंधरा. शिवाय आधीपासून असलेल्या आजाराला नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. माझी साखर त्यात येणारच. म्हणून माझं म्हणणं, कंपनीचा विमा चालू असतानाच आपला घ्यावा, म्हणजे त्या थांबण्यातले सहा-सात महिने कंपनीच्या छत्राखाली निघून जातील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, मग आता कशाला थांबायचं?

जमाखर्च असा आहे. पीएफ २१ लाख, ग्रॅच्युइटी ५ लाख ७२ हजार, रजेचे पैसे सव्वा लाखाच्या आसपास. मिळून २८ लाख धरा. त्यातले २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, सध्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४१,०००. पाच लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्क्यांनी, महिन्याला ३,०८३. तीन लाख अडीअडचणीला बँकेत. ईपीएस पेन्शन (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन) महिन्याला सव्वाचार हजार बसेल असं ह्यांना टाइम ऑफिसमधून कळलंय. सगळं मिळून महिन्याला २१,०००, माझे साडेचार धरले तर साडेपंचवीस. खर्च ३४,००० वरून २७,५०० वर आलाय, पण त्यात विम्याचा हप्ता नाही.

पेन्शनबद्दल एक हिशोब करून ठेवलाय, कुणाला उपयोगी पडेल. ५८ ऐवजी ६० ला पेन्शन सुरू केली तर दर वर्षी ४ टक्के वाढ मिळते. आमच्या आकड्यावर ती महिन्याला साधारण ३४० रुपये होते. त्यासाठी दोन वर्षांचे एक लाख दोन हजार सोडायचे, आणि ते भरून यायला पंचवीस वर्षं. आम्ही ५८ लाच घेणार.

आता प्रश्न:

ज्येष्ठ नागरिक योजनेत वीस लाखांचं एकच खातं काढावं की पाच-पाच लाखांची चार? त्यातून थोडेच पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं, आणि वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत कापून घेतात, एक ते दोन वर्षांत मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, नंतर एक टक्का. म्हणून मला चार बरी वाटतात. कुणाचा अनुभव?

साखर असताना पन्नाशीनंतर विमा घेतलेल्या कुणी आहे का इथे?

आणि ह्यांना कसं समजवू, की ४८० रुपयांची मिसळ वाचवून आपण गरीब होतोय? एकतीस वर्षं चोख स्टोअर सांभाळलेल्या माणसाने सकाळी दहा ते पाच काय करावं, तेही सुचवा.

चार दिवसांनी लिहितेय

सगळ्यांचे खूप खूप आभार. एवढ्या आपुलकीने लिहाल असं वाटलं नव्हतं.

एका दादांनी डोळेच उघडले. मासिक योजनेतले पाच लाखही ज्येष्ठ नागरिक योजनेतच टाका म्हणाले, मर्यादा ३० लाख आहे, व्याज पाऊण टक्क्याहून जास्त आणि वर्षाला चार हजार जादा. फक्त पैसे तिमाहीला येतात, ते महिन्यावारी मी वाटून घेईन. त्यांनी हेही बजावलं की साठीच्या आत निवृत्त होणाऱ्याने निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत हे खातं उघडायला हवं, तेव्हा कागदपत्रं आधीच तयार ठेवा. आता पाच-पाच लाखांची पाच खाती, ह्यांच्यासोबत माझंही नाव जोडून.

सोलापूरच्या ताईंनी लिहिलं तसं मी गाडी आणि विमा एकाच कागदावर मांडले. गाडीचे महिन्याला २,९५०, विम्याचे ३,१५०. कागद ह्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठीसारखाच केला, त्यावर रेघ मारली आणि काही न बोलता चहाशेजारी ठेवला. ह्यांनी तो दोनदा वाचला. संध्याकाळी विमा एजंटला स्वतः फोन केला. रक्ततपासणी येत्या मंगळवारी आहे. फॉर्मवर साखर लिहायची, लपवायची नाही, हे इथे चौघांनी सांगितलं आणि आम्ही तसंच करणार.

वेळेबद्दल सार्वजनिक वाचनालयाची सूचना ह्यांना पटली. १८४० सालची संस्था, लहानपणी ह्यांचे वडील ह्यांना तिथे नेत असत. वर्गणी भरून आले. पेपरही तिथेच वाचून होतो. तिथे पुस्तकं लावायला मदत हवी का, असं विचारून आलेत.

मिसळीचं मी दुसऱ्याच बाजूने केलं. ह्यांच्या सगळ्यात जुन्या मित्राला फोन करून खरं कारण सांगितलं. रविवारी साडेआठला चौघांपैकी तिघे दारात उभे, हातात डबा, त्यात मिसळ. चौघांनी आमच्या ओट्याजवळ उभं राहून खाल्ली. ह्यांनी त्यांना डब्यांवरच्या रेघा दाखवल्या, तर एकाने लगेच फोटो काढून बायकोला पाठवला. जाताना ठरलं, महिन्यातले दोन रविवार बाहेर आणि दोन रविवार पाळीपाळीने एकेकाच्या घरी. वहीत आता २४० रुपये ‘आवश्यक’ रकान्यात आहेत, ह्यांच्याच अक्षरात.

गाडीचं अजून नक्की नाही. हे निदान किंमत तरी विचारू म्हणतायत. २०१४ ची पेट्रोल गाडी, ६१,००० किलोमीटर, एकाच मालकाची, नाशिकमध्ये अलीकडे कुणी विकली असेल तर काय भाव आला ते कळवा. आणि रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर सिडकोत कुणाला फोन करायचा, रिक्षावाल्यांशी आधी बोलून ठेवता येतं का, तेही सांगा. गाडी देण्याआधी ह्यांना त्याचं उत्तर हवंय.