चर्चा : इंग्रजी ‘चग’मधला आवाज मराठीत आणावा की सोडून द्यावा?

धागाकर्ती, फोंडा (उच्च माध्यमिक शिक्षिका)

भाषांतराच्या सरावासाठी मी विद्यार्थ्यांना ‘द फेरी चग्ड अक्रॉस द मांडवी’ हे वाक्य दिले, आणि बहुतेकांनी ‘फेरीबोट मांडवी नदी पार करून गेली’ एवढेच लिहून काम संपवले. व्याकरण निर्दोष आहे, पण मूळ वाक्यातले इंजिन बंद पडले आहे. ‘चग’ हे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी इंग्रजीत रुळलेले ध्वन्यनुकारी क्रियापद आहे. संथ चालणाऱ्या इंजिनातून ठरावीक अंतराने येणारा बोथट, दबलेल्या स्फोटासारखा आवाज हा त्याचा मूळ अर्थ. (पेय एका दमात संपवणे असाही त्याचा एक बोलीतला अर्थ आहे, तो उचलला तर फेरीबोट मांडवी घटाघटा पिऊन टाकील.) मराठीसारख्या नादसमृद्ध भाषेने हा आवाज गाळणे मला दारिद्र्याचे लक्षण वाटते. ‘फेरीबोट फटफट करीत मांडवीपार गेली’ असे लिहिण्यात अडचण कोणती?

अनुवादक, पणजी

अडचण अशी की ‘फटफट’ म्हटल्याबरोबर मराठी वाचकाला नदी दिसत नाही, फटफटी दिसते. तेच क्रियापद करून ‘फेरीबोट फटफटली’ म्हणावे, तर ‘फटफटणे’ हे आपल्याकडे उजाडण्यासाठी केव्हाच खर्ची पडले आहे. ‘घरघरत गेली’ म्हणावे, तर घरघर माणसाला शेवटची लागते, आणि ती बोट पलीकडच्या बेती धक्क्याला पोहोचेल याची खात्री उरत नाही. आपले नादशब्द रिकामे नाहीत, बाई; प्रत्येकाच्या अंगावर आधीच एखादा अर्थ चढलेला आहे.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे आजच्या इंग्रजीत ‘चग’ पुष्कळदा आवाज सांगतच नाही. अर्थव्यवस्था ‘चग’ करीत पुढे जाते, जुना धंदा ‘चग’ करीत राहतो, तेव्हा कोणतेही इंजिन वाजत नसते. उरते ती गती : संथ, एकसारखी, न थांबणारी. म्हणून मी ‘फेरीबोट संथपणे मांडवी ओलांडत होती’ असे लिहीन. पानभर ‘खडखडत’, ‘धडधडत’, ‘फडफडत’ आले की प्रौढ गद्य बालगीतासारखे वाटू लागते, हेही ध्यानात घ्यावे.

भाषाशास्त्राचा विद्यार्थी, वाळपई

शब्द कोणता घ्यावा याआधी वाक्याची बांधणी पाहावी, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. इंग्रजीत आवाजाचे क्रियापदच हालचाल वाहून नेते आणि वाट ‘अक्रॉस’सारख्या लहान शब्दावर सोपवली जाते. मराठीत वाट मुख्य क्रियापदात बसते (ओलांडणे, शिरणे, उतरणे) आणि आवाज ‘-त’ लावून बाजूला उभा राहतो : ‘गाडी धडधडत स्थानकात शिरली.’ लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने भाषांची अशी विभागणी मांडली आहे. गोव्यातल्या जुन्या पिढीच्या कानावरची पोर्तुगीजही या बाबतीत इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळची आहे.

या ‘-त’ रूपाला बालिश म्हणणे मात्र मला मान्य नाही. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ साली दाखवून दिले की नादानुकारी शब्दांची अशी समृद्धी हा आर्य आणि द्रविड या दोन्ही कुळांतील भारतीय भाषांचा सामायिक विशेष आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही असे शब्द जागोजागी भेटतात. डोळे चुरचुरतात, डोके भणभणते, जखम ठणकते. हे प्रौढ माणसे आपल्या दुखण्यांविषयी बोलतात, मुलांना रिझवण्यासाठी नव्हे.

चोडणचा रहिवासी

रायबंदरला जाण्यासाठी फेरीबोट वापरणारा प्रवासी म्हणून एवढेच सांगतो की जुन्या बोटीतला डिझेल इंजिनाचा आवाज कानापेक्षा पायांना अधिक कळतो. लोखंडी फळीवर उभे राहिले की सगळे अंग धडधडते. ‘धडधडत’ हाच शब्द योग्य आहे.

अनुवादक, पणजी

‘धडधडत’ हा शब्द वेगवान आगगाडीला शोभतो, आणि छातीलाही. त्यात घाई आहे, भय आहे. ‘चग’मध्ये घाई अजिबात नाही, उलट प्रवाशाने घड्याळ पाहणे सोडून दिले आहे. विद्यार्थ्याने सांगितलेली बांधणी मला मान्य आहे, पण बाजूला उभा राहणारा शब्द आवाजाचाच असला पाहिजे, हे त्यातून सिद्ध होत नाही. ‘संथपणे’ हाही बाजूलाच उभा आहे.

धागाकर्ती, फोंडा

‘संथपणे’ तर होडीही जाते, आणि पाण्यावरचा ओंडकाही. या वाक्यात यंत्र आहे ही गोष्ट ‘चग’मुळेच कळते, आणि ती आपण वगळत आहात. शब्दाविषयीचा आक्षेप रास्त असेल, तर आवाजाचे नुसते वर्णन करता येईल : ‘इंजिनाच्या एकसुरी ठेक्यावर फेरीबोट मांडवी ओलांडत होती.’ यात फटफटीही नाही आणि शेवटची घरघरही नाही. अर्थव्यवस्थेच्या वाक्यात मी नाद शोधणार नाही, कारण तिथे वाजणारे काही नाही. तिथे ‘कशीबशी चालू आहे’ म्हणेन.

अनुवादक, पणजी

‘एकसुरी ठेका’ मला पटतो, जरी इंग्रजीच्या एका शब्दासाठी आपण तीन खर्च केले. ‘कशीबशी’ मात्र चालणार नाही. त्यात दैन्य आहे, आणि ‘चग’ करणारी वस्तू दीनवाणी नसते. ती हळू चालते, पण पोहोचण्याविषयी तिला शंका नसते. तिथे ‘आपल्या चालीने चालू आहे’ असे लिहावे.