मदत हवी आहे: कोलंबस (इंडियाना) इथल्या उत्पन्नाचे आकडे कसे धरावेत?

नमस्कार मंडळी, नवऱ्याला कोलंबसला नोकरी मिळाली आहे. ओहायोतलं नव्हे, इंडियानातलं. कमिन्स या इंजिन कंपनीचं मुख्यालय असलेलं. (नेटवर शोधलं की निम्मी माहिती भलत्याच कोलंबसची निघते!)

२०१० च्या जनगणनेत वस्ती ४४,०६१ होती, २०२० ला ५०,४७४. आशियाई लोकही बरेच वाढलेत. अडतंय ते उत्पन्नापाशी. ६५ हजारांखालच्या गावाचे एकेका वर्षाचे सविस्तर अंदाज जनगणना खातं देत नाही, पाच वर्षांचे एकत्र देतं. त्यातून फक्त आशियाई घरं वेगळी काढली की नमुना इतका लहान होतो की आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा? कोलंबस ज्या काउंटीत (जिल्ह्यात) येतं ती बार्थोलोम्यू काउंटी ८० हजारांच्या वर आहे, तिचे वार्षिक आकडे मिळतात. तेच धरू का?

शिवाय त्या आकड्यांत दोन पगारांची घरंही आली. मी एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), म्हणजे त्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायची याचिका) मंजूर होईपर्यंत तरी मला नोकरी करता येणार नाही आणि आमच्याकडे पगार एकच.

तिथे राहणारं कुणी आहे का इथे? दोन बेडरूमचं भाडं, एक गाडी आणि तीन वर्षांच्या मुलीचं डे-केअर एका पगारात बसतं का? आणि मराठी घरं साधारण कुठल्या भागात आहेत?