तीन मिनिटांचा डेमो पाहिला अन् फिजिसिस्ट संपला?

कोबाल्टकाका:
परवा 'वर्धारोडी' यांनी इथं टाकलेली पोस्ट सकाळी पोहे खाताना वाचली आणि तर्री नाकात गेली. ज्यांची सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साहेब एका हॉटेलात डेमोला गेले. तिथं तोंडाच्या कॅन्सरच्या केसचं कॉन्टूरिंग, म्हणजे रेडिएशन देण्याआधी स्कॅनवर गाठ आणि वाचवायचे अवयव आखणं, एआयनं तीन मिनिटांत करून दाखवलं. यांनी घरी येऊन लिहिलं की लहान रेडिएशन सेंटरला आता फिजिसिस्ट (मशीनचा डोस मोजणारा), आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) हे चोचले परवडणारे नाहीत, डोस आणि सेफ्टी दोन्ही सॉफ्टवेअर सांभाळेल.

चोचले! म्हणजे रिटायर होईपर्यंत 27 वर्षं मी चोचलेच करत होतो.

एआय कॉन्टूरिंग चांगलं करते, यात वाद नाही. मीही पाहिलं आहे. पण कॉन्टूर म्हणजे स्क्रीनवरचं चित्र. मशीननं खरोखर किती रेडिएशन दिलं ते सकाळी पेशंट यायच्या आधी आयन चेंबर हे डोस मोजायचं उपकरण लावून मोजावं लागते. त्या चेंबरमध्ये खोलीतलीच हवा असते. खोली तापली की हवा विरळ होते आणि रीडिंग कमी येते, तीन डिग्रीला साधारण एक टक्का. वरून नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर, त्यामुळे दाबाचं करेक्शन आणखी वेगळं.

एका मे महिन्यात रात्री मशीनच्या खोलीचा एसी ट्रिप झाला. सकाळी नवीन पोरानं थर्मामीटर पाहिलं 24, तेच हिशोबात टाकलं, आणि म्हणाला, "सर, मशीनचं आउटपुट दोन टक्के खाली आहे, वाढवू का?" मी आत जाऊन चेंबर ठेवायच्या स्लॅबवर हात ठेवला तर तो कोमट लागला. थर्मामीटर कुठं टांगलेलं होतं? बाहेर, मशीन चालवायच्या कन्सोलवर, जिथं एसी चालू होता! आत 30 होते. मशीन ठीकच होतं. वाढवलं असतं तर त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला दोन टक्के जास्त. 70 ग्रेच्या (ग्रे म्हणजे डोसचं माप) केसमध्ये ते 1.4 ग्रे होतात. आता सांगा, सॉफ्टवेअरला 24 टाइप करून दिले असते तर त्यानं कोणता हात लावून पाहिला असता?

आणि थेरॅक-25 हे रेडिएशनचं मशीन विसरलात का? 1985 ते 87 मध्ये सहा अपघात. आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे चुकीचा बीम अडवणारी कुलपं, काढले आणि भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. कंपनी म्हणत राहिली, आमच्या मशीनकडून ओव्हरडोस होऊच शकत नाही. टेक्सासच्या टायलरमध्ये हॉस्पिटलचा फिजिसिस्ट आणि ऑपरेटर बाई तासन्‌तास कन्सोलवर बसल्या, तीच बटणं त्याच वेगानं दाबून पाहिली, तेव्हा चूक पकडली गेली. त्या खुर्चीला चोचले म्हणता?

वर्धारोडी:
काका, 'चोचले' शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

तुम्ही रिटायर झालात, मी आत्ता रेसिडेन्सी करून बाहेर पडलो आहे. हेड-नेकच्या (डोकं-मान) एका केसचं कॉन्टूरिंग हातानं काढायला दोन-अडीच तास जातात. दोन्ही पॅरोटिड (लाळेच्या ग्रंथी), स्पायनल कॉर्ड (मणक्याची दोरी), ब्रेनस्टेम, जबडा, गिळायचे स्नायू, एकेक स्लाइस. आपल्या इकडे तंबाखूच्या खर्ऱ्याच्या कृपेनं या केसेसची रांग संपत नाही. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली माणसं हॉस्पिटलच्या आवारात चूल मांडून सिकाईची (रेडिएशनची) तारीख येण्याची वाट पाहतात. तेवढ्यात गाठ थांबून राहत नाही ना. आणि सकाळी नऊला मी काढलेला पॅरोटिड आणि रात्री अकराला काढलेला पॅरोटिड सारखा नसतो, हे कबूल करायला मला लाज नाही.

आता थेरॅक. 40 वर्षं जुनी गोष्ट, आणि त्यात एआय कुठं होतं? तुम्ही एक्सेटर का नाही सांगत? इंग्लंड, 1988. मशीनमध्ये कोबाल्टचा नवा किरणोत्सर्गी सोर्स बसवला, कॅलिब्रेशन चुकलं आणि 207 पेशंटना 25 टक्के जास्त डोस गेला. ते कोणत्या सॉफ्टवेअरनं केलं? माणसानंच केलं. तुमच्याच खुर्चीतल्या.

कोबाल्टकाका:
माहीत आहे एक्सेटर. आणि ती चूक सापडली कशी, तेही माहीत आहे. बाहेरून दुसऱ्या लोकांनी येऊन परत मोजलं तेव्हा. म्हणजे माणूस चुकला तर उपाय आणखी एक माणूस. तुम्ही तर पहिलाही काढायला निघाले!

रामदासपेठी रेडिओ:
दोघांचंही चालू द्या, पण ही नोकरी जाण्याची भीती आम्ही आधी भोगून बसलो आहोत. 2016 ला एआयमधले मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आताच बंद करा. 2024 ला त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं, आणि मी अजून दिवसाला तेवढेच रिपोर्ट काढून राहिलो, उलट जास्तच.

स्वीडनचा मॅमोग्राफीचा (स्तनांच्या एक्सरेचा) अभ्यास पाहा. 2023 ला आला, 80 हजारांवर बायका. एआयमुळे वाचनाचं काम 44 टक्के कमी झालं. छान. पण तिथं मुळात प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात, त्यातल्या एकाचं काम वाचलं. आपल्याकडे एक मिळाला तरी पेढे वाटतात.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. कंपन्या सांगतात, डीप लर्निंगच्या एआयनं सीटीचा डोस कमी केला. केला, खरं आहे. मग तोच पेशंट धंतोलीत दुसऱ्या हॉस्पिटलात जातो, तिथले डॉक्टर म्हणतात, 'आमच्याकडचा सीटी पाहिजे.' सीडी उघडत नाही, फिल्म गाडीत राहिली, कारणं हजार. पोटाचा एक सीटी साधारण 8 ते 10 मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या डोसचं माप). निसर्गाकडून जगात माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतो. दुसरा सीटी केला नसता तर जो डोस वाचला असता, तो वाचवायला कोणतं एआय लागते? एक फोन लागते, समोरच्या हॉस्पिटलला.

सीआर्मताई:
डॉक्टर, फिजिसिस्ट, रेडिओलॉजिस्ट, सगळे आपापल्या खुर्च्यांवर बोलून झाले असतील तर उभं राहणाऱ्यांचं ऐका. मी टेक्निशियन आहे, कॉन्ट्रॅक्टवर, नऊ वर्षं. सेफ्टी सेफ्टी करता, अंगावर पडलेला डोस मोजणाऱ्या बॅजचं कोणी बोलते का?

आमच्या जुन्या ठिकाणी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) लेडचे ॲप्रन चार आणि माणसं सहा. माझा टीएलडी बॅज मी ॲप्रनच्या आत छातीवर लावायची, नियम तोच आहे. माझी ड्युटी संपली की ॲप्रन दुसरा कोणी घालायचा किंवा ओटीतच स्टँडवर टांगून राहायचा. एकदा बॅज काढायचा राहिला. पुढचे किती दिवस तो दुसऱ्यांच्या केसेसमध्ये सी-आर्मच्या (ऑपरेशनमधल्या एक्सरे मशीनच्या) बाजूला लटकला, देव जाणे. तिमाहीचं रीडिंग असं आलं की खुलासा मागितला. मी लेखी दिलं. तरी मला दोन महिने कागद लावायला रिसेप्शनवर बसवलं आणि घरी सासूनं वर्षभर विचारलं, "तुले काही झालं तर नाही ना?"

आणि त्याच तिमाहीत, रोज टेबलाला चिकटून उभे राहणाऱ्या सर्जनचं रीडिंग किती? शून्य.

हाडवैद्य:
ताई, विषय एआयचा आहे. बॅजचं रडगाणं दुसऱ्या धाग्यावर काढा.

बाकी बॅजबद्दल म्हणाल तर 18 वर्षं झाली, खिळे ठोकतोय, मला काही झालेलं नाही. प्रामाणिकपणे सांगतो, माझा बॅज ड्रॉवरमध्ये असतो. घातला आणि आकडा वर गेला तर केसेस बंद करायला सांगतील. ॲक्सिडेंट झालेल्या पोराची मांडी मग कोण जोडणार, तुमचं एआय?

कोबाल्टकाका:
डॉक्टरसाहेब, ड्रॉवरला डोस लागत नाही! लिमिट पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे, एका वर्षात 30 च्या वर नाही. नीट काम करणारा ऑर्थो त्याच्या आसपासही जात नाही. एक्सरेची ट्यूब टेबलाच्या खाली ठेवा, एक्सरे चालू करायचं पायाचं बटण सोडायला शिका, एक पाऊल मागे व्हा. आकडा वर जाईल ही भीती तुम्हाला वाटून राहिली, याचाच अर्थ तुम्हाला मनातून माहीत आहे की तुम्ही बटण दाबूनच ठेवता.

हाडवैद्य:
मला कोण शिकवतंय तर लिनॅकच्या (रेडिएशन मशीनच्या) सहा फुटी भिंतीमागे बसून आयुष्य काढलेला माणूस. वाहवा.

कोबाल्टकाका:
ती भिंत किती फुटी पाहिजे हे आम्हीच काढतो, म्हणून तुम्हाला ती दिसते तरी.

सीआर्मताई:
आणि साहेब, 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे तुम्ही डोळे तपासून सांगून राहिले का? डोळ्याच्या लेन्सची मर्यादा आयसीआरपीनं (रेडिएशन सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संस्था) 2011 ला वर्षाला 20 मिलिसिव्हर्टवर आणा म्हटलं, ते मोतीबिंदूमुळेच. तुमच्यासोबत वाकून उभा राहणारा असिस्टंट पोरगा 26 वर्षांचा असतो. त्याला तुम्ही कधी लेडचा चष्मा दिला?

आणि विषय कसा नाही? हेच आकडे उद्या तुमच्या एआयला खाऊ घालणार ना? ते काय शिकेल? टेबलाला चिकटलेला सर्जन सगळ्यात सुरक्षित आणि कोपऱ्यात उभी बाई सगळ्यात धोक्यात. मग सुंदर रंगीत डॅशबोर्डवर माझ्या नावापुढे लाल दिवा लागेल.

वर्धारोडी:
हा मुद्दा मला भिडला, हे नोंदवून ठेवा. काकांचं थर्मामीटर आणि ताईंचा बॅज एकच गोष्ट आहे, आत चुकीचा आकडा गेला की उत्तरही चुकीचं. पण ताई, याला औषधही एआयकडेच आहे: ओटीत कॅमेरा लावा, कोण कुठं उभं होतं, कोणी बॅज घातला होता, सगळं दिसेल.

सीआर्मताई:
लावा ना. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यावर कोण रुमाल टाकते ते पाहू.

भामरागड लाइन:
तुमचं नागपूरवाल्यांचं भांडण एवढंच, की खुर्चीवर कोण बसणार. आमच्याकडे खुर्चीच नाही राजेहो. मी गडचिरोली जिल्ह्यात चार वर्षं काढली. छातीचा एक्सरे निघायचा, वाचणारा नसायचा. फोटो काढून ओळखीच्या डॉक्टरला पाठवायचा आणि रेंज आली तर उत्तर. डब्ल्यूएचओनं 2021 ला 15 वर्षांवरच्यांसाठी टीबीच्या एक्सरेला कॉम्प्युटरचं वाचन चालेल म्हटलं, तेव्हा मी मनात नारळ फोडला. एका कॅम्पमध्ये खोकला नसलेल्या माणसाची फिल्म त्यानं संशयित म्हणून लाल दाखवली. मी पुढे ढकलणार होतो. थुंकी तपासली, पॉझिटिव्ह. घरात दोन लहान पोरं होती त्याच्या.

हाव, जुना बरा झालेला टीबीही ते लाल दाखवते. त्यापायी पाच-सहा जणांना फुकटची चक्कर झाली, दिवसाची मजुरी बुडाली, शिव्या मी खाल्ल्या. तरी चालेल. माणूस आणि मशीन यांतून निवडा म्हणायला आधी माणूस तर पाठवा.

कोबाल्टकाका:
तिथं लावा, दहा लावा, माझी ना नाही. पण फिल्म वाचणं वेगळं आणि गळ्यावर 70 ग्रे सोडणं वेगळं. तिथं लाल दिवा लागला तर पुढे थुंकी तपासता येते. इथं बीम गेला की गेला, परत घेता येत नाही. आणि तुमच्या भागातली निकड दाखवून वर्धा रोडवरची पैसेवाली सेंटरं फिजिसिस्टचा पगार वाचवतील, माझं भांडण त्यांच्याशी आहे.

वर्धारोडी:
काका, प्लॅनचा 'सेकंड चेक' एआयनं आणि सही फिजिसिस्टची, एवढ्यावर तोडगा?

कोबाल्टकाका:
सही करायला दिवसात किती मिनिटं देणार? 40 प्लॅन आणि एक माणूस असेल तर ती सही म्हणजे पोस्टातला शिक्का. पण ठीक आहे. कॉन्टूरिंग तुम्हाला दिलं, घेऊन जा.

लहाना भाऊ:
मी डॉक्टर नाही बाप्पा. माह्या मोठ्या भावाले जिभीचा कॅन्सर झाला, 25 वर्षं खर्रा. 33 सिकाया सांगितल्या होत्या. तोंडावर ते जाळीचं मास्क घट्ट बसवून टेबलाले बांधत. भाऊ जेवे नाही, बारा किलो उतरला. अठराव्या सिकाईले आतल्या पोरानं मास्क लावला अन् थांबला. म्हणाला, मास्कात बोट जाऊन राहिलं, हे ढिलं झालं, आज नाही देत. आम्ही त्याच्यावर चिडलो, 110 किलोमीटरवरून आलो होतो. त्यानं वर फोन लावला, परत सीटी झाला, नवीन प्लॅन बनला, चार दिवस गेले. डॉक्टरनं मागून सांगितलं का, तसंच देत राहिलो असतो तर मणक्याच्या दोरीकडं जास्त गेलं असतं.

भाऊ आहे आज. तोंड कोरडं पडते, बाटली सोबत ठेवते. खर्रा सुटला. मले एवढंच इचारायचं आहे, त्या मशीनले बोट घालून पाहता येते का?

वर्धारोडी:
दादा, आता रोजच्या स्कॅनवरून वजन उतरल्याचं, आकार बदलल्याचं सॉफ्टवेअर सांगू शकते. कदाचित अठराव्याच्या आधीच सांगितलं असतं.

पण त्या दिवशी त्या पोरानं सांगितलं, हे खरं आहे.

कोबाल्टकाका:
त्या पोराचा पगार किती असेल, कोणी विचारलं?

सीआर्मताई:
मी सांगू शकते, पण लोक पोहे खात असतील.

हाडवैद्य:
बरं बाबा, सोमवारपासून बॅज घालतो. चष्माही मागवतो, दोन. झालं समाधान? आता तरी मूळ विषयावर या.

सीआर्मताई:
सोमवारी नको, आजच काढून ठेवा. तिमाही 30 तारखेला संपते, सगळे बॅज एकत्र पाठवायचे असतात. आणि त्या ड्रॉवरमध्ये आणखी काय आहे ते पाहून सांगा जरा.

हाडवैद्य:
पाहिलं. माझा आहे, दोन असिस्टंटचे आहेत, आणि एक 'कंट्रोल' लिहिलेला आहे. तो कोणाचा?

कोबाल्टकाका:
अरे देवा. तो कोणाचाच नसतो, डॉक्टर. आसपास आपोआप असलेला डोस मोजायला असतो, त्याचं रीडिंग तुमच्या रीडिंगमधून वजा करतात.