अलर्टमॅनेजर : दिवसपाळी-रात्रपाळीची विभागणी चुकते आहे

प्रश्न :
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्याची ऑर्डर व चलन प्रणाली आमची छोटी टीम सोलापुरातून सांभाळते. बिघाडाच्या सूचना (अलर्ट) योग्य माणसाकडे पोहोचवण्यासाठी आम्ही अलर्टमॅनेजर हे सॉफ्टवेअर वापरतो. गंभीर अलर्ट १० ते १९ या वेळेत दिवसपाळीला आणि एरवी रात्रपाळीला जावेत, म्हणून मी दोन रूट (कोणता अलर्ट कोणाकडे जावा याचे नियम) एकाखाली एक लिहिले. रात्रीची वेळ १९:०० ते १०:०० अशी एकत्र लिहिली तर सेटिंगची फाईल स्वीकारलीच जात नाही, म्हणून मध्यरात्रीपाशी तिचे दोन तुकडे केले. तरीही दिवसपाळीचा फोन दुपारी साडेतीनपासून रात्री साडेबारापर्यंत वाजतो आणि बाकीच्या वेळी कोणालाच काही कळत नाही. मंगळवारी पहाटे डेटाबेसची डिस्क भरली, आणि सकाळी टॉवेलच्या गाठी भरलेला ट्रक गेटवर उभा असताना चलन निघत नाही, हे आम्हाला कारखान्याच्या फोनवरून समजले. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
साडेपाच तासांचा हा फरक यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा आहे. वेगळे काही सांगितले नाही तर अलर्टमॅनेजर वेळ यूटीसीतच मोजतो. आवृत्ती ०.२५ किंवा त्यापुढची असेल तर प्रत्येक वेळपट्ट्यात (वेळा लिहिलेल्या नोंदीत) 'लोकेशन' म्हणून 'एशिया/कोलकाता' लिहा. जुनी असेल तर दिवसपाळीसाठी ०४:३० ते १३:३० लिहावे लागेल.

उत्तर २ :
वरील दुरुस्ती आवश्यक आहेच, पण तेवढ्याने रात्रपाळीला अलर्ट मिळणार नाहीत. वेळेबाहेरचा रूट फक्त सूचना पाठवत नाही. अलर्ट त्याला जुळलेलाच धरला जातो, त्यामुळे पहिल्या रूटमध्ये 'कंटिन्यू' (पुढचे रूटही तपासा, असे सांगणारे सेटिंग) हे 'ट्रू' नसेल तर शोध तिथेच थांबतो, खालचा रूट तपासलाच जात नाही आणि सर्वांत वरच्या मूळ रूटच्या रिसीव्हरकडेही (सूचना मिळण्याच्या ठिकाणाकडेही) काही जात नाही. तुमचा पहाटेचा अलर्ट असाच गिळला गेला. माझे स्पष्ट मत आहे की दोन्ही रूटना 'कंटिन्यू' द्यावे आणि त्यांच्याखाली वेळेचे कोणतेही बंधन नसलेला तिसरा रूट टीमच्या सामायिक ईमेलसाठी ठेवावा, म्हणजे वेळा लिहिताना फट राहिली तरी अलर्टची नोंद कुठेतरी पोहोचेल.

उत्तर ३ :
सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचाही विचार आताच करा. त्या दिवसांत आमच्याकडे दिवसपाळीला माणूस मिळत नाही, म्हणून महिना जानेवारी आणि यात्रेच्या तारखा असा वेगळा पट्टा आम्ही केला आहे. तो दिवसपाळीच्या रूटला 'म्यूट'मध्ये (सूचना बंद ठेवण्याच्या वेळांत) लावला तर रात्रपाळीच्या रूटला 'ॲक्टिव्ह'मध्येही (सूचना चालू ठेवण्याच्या वेळांत) लावायलाच हवा. आम्ही पहिल्या वर्षी दुसरे विसरलो आणि दिवसभराचे अलर्ट कोणाकडेच गेले नाहीत.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. लोकेशन, दोन्ही 'कंटिन्यू' आणि तिसरा ईमेल रूट, तिन्ही बदल केले. काल रात्री सव्वाअकराला मुद्दाम एक चाचणी अलर्ट सोडला. अर्ध्या मिनिटात तो रात्रपाळीच्या फोनवर आला आणि ईमेलमध्येही दिसला. यात्रेचा पट्टा आज दोन्ही रूटमध्ये लिहितो आहे.