दिग्दर्शकाची मुलाखत हवी आहे, कशी मागू?

असगोलीकर०५
नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला, सध्या पुण्यात चित्रपटकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी अविनाश अरुण यांची मुलाखत घ्यायची फार इच्छा आहे. त्यांचा ‘किल्ला’ हा चित्रपट गुहागरात चित्रित झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. दिग्दर्शन त्यांचं आणि कॅमेराही त्यांचाच, म्हणून त्यांच्याशीच बोलायचंय. ओळखीचं कुणी नाही. इन्स्टावर मेसेज लिहिला आणि तीनदा खोडला. कुठे लिहू, काय लिहू?

सुरुबन
इन्स्टावर नको, मेल कर. मेसेजच्या गर्दीत तुझा दिसणारही नाही.

रत्नदुर्ग८८
मी सात वर्षं सहाय्यक दिग्दर्शक होतो, आता रत्नागिरीत असतो. एकदम दिग्दर्शकाला गाठू नकोस. आधी शेवटची श्रेयनामावली थांबवून थांबवून वाच. ध्वनी, संकलन, प्रॉडक्शनची माणसं भेटतात आणि मनापासून बोलतात. पटकथा तुषार परांजपे यांची आहे, त्यांनाही विचार. यांच्यातल्या कुणी ‘पोरगा तयारी करून आलाय’ असं सांगितलं, की दार उघडतं.

विद्यार्थी असताना मी एका दिग्दर्शकांना दोन पानी पत्र लिहिलं होतं, दीड पान नुसतं कौतुक. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या एकाच शॉटबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि त्यांचा फोन आला. आजही तो दिवस आठवतो.

आणि प्रेरणा कुठून मिळाली, हे विचारू नकोस रे. २०१४ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर पुरस्कार मिळाला, तेव्हापासून ते उत्तर छापून येतंय. तुझ्याकडे पुण्या-मुंबईच्या पोरांकडे नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ती जागा. भर पावसात पहाटे किनाऱ्यावर उभा राहा, ढग सरकले की उजेड कसा बदलतो ते वहीत लिही. प्रश्न तिथूनच निघतील.

पालशेतची_मावशी
बाळा, ते शूटिंग आठवणारी माणसं गुहागरच्या बाजारात अजून असतील. पहिल्यांदा त्यांच्याकडे जा, चहा पी, ऐकून घे.

बांदा_नाका
नोव्हेंबरात पणजीला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४पासून गोव्यातच. विद्यार्थ्यांची नोंदणी वेगळी असते. तिथे कोणीही दिग्दर्शक भेटले तरी गर्दीत मुलाखत मागू नकोस. नाव सांग, विषय सांग, मेलचा पत्ता विचार आणि बाजूला हो.

असगोलीकर०५
सगळ्यांचे खूप आभार. गावी येऊन आज सकाळी किनाऱ्यावर जाऊन आलो. मग हे लिहिलं:

“सर, ‘किल्ला’तला पाऊस आमच्या अंगणातल्या पावसासारखाच करडा आहे. ढग सारखे हलत असताना एकाच प्रसंगातल्या शॉटचा उजेड तुम्ही कसा जुळवलात? त्या उजेडासाठी थांबायचात, की मिळेल तो घ्यायचात? एवढ्याच विषयावर वीस मिनिटं बोलाल का? फोनवरही चालेल, वेळ तुम्ही सांगाल ती.”

रत्नदुर्ग८८
वा! प्रश्न अगदी कॅमेऱ्यामागच्या माणसाचा आहे. फक्त कॉलेज, मार्गदर्शक आणि मुलाखत कुठे वापरणार ते एका ओळीत घाल. रेकॉर्ड करायचं असेल तर परवानगी आत्ताच माग. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण कर, रोज नको. तोवर मावशींनी सांगितलेला चहा पिऊन घे.