अनुभव धागा: होम्सचा साप आणि आपल्या परसातला साप

राजापूर (धागा काढणारा)

ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या १९८४ सालच्या शेरलॉक होम्स मालिकेतला ‘द स्पेकल्ड बँड’ हा भाग आमच्या घरात दहा वेळा तरी पाहिला गेला असेल. आधी मामाकडच्या कॅसेटवर, आता मोबाईलवर. जेरेमी ब्रेटसारखा होम्स पुन्हा झाला नाही, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. पण परवा भाचरांना घेऊन पुन्हा पाहिला आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी म्हणायचं, “पण असं कसं होईल?”

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (रहस्य फुटणार आहे). कलकत्त्यात डॉक्टरकी करून इंग्लंडला परतलेला रॉयलॉट जुन्या वाड्यात दोन सावत्र मुलींबरोबर राहतो. जुळ्या बहिणींपैकी ज्युलिया लग्नाच्या तोंडावर बंद खोलीत मरते. दोन वर्षांनी हेलनचं लग्न ठरतं, तिला त्याच खोलीत झोपावं लागतं आणि रात्री शीळ ऐकू येते. खोलीत काय आहे? बापाच्या खोलीत उघडणारा झरोका, कुठेच न वाजणारा घंटेचा दोर, जमिनीला ठोकलेला पलंग. बापाच्या खोलीत लोखंडी तिजोरी आणि बशीभर दूध. झरोक्यातून साप सोडायचा, तो दोरावरून उशीवर उतरणार, आणि शीळ घातली की दुधाच्या ओढीने परत वर जाणार. भाग मूळ कथेला बराच धरून आहे, त्यामुळे खटकणाऱ्या जागा दोन्हींत त्याच.

कोकणात लहानाचे मोठे झालेल्या प्रत्येकाकडे सापाची एक तरी गोष्ट असते. आपल्या घरात, वाडीत जे पाहिलंत त्यामुळे या भागातलं काय पटलं नाही, किंवा उलट काय पटलं, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून, दुधाची. नागपंचमीला आजी गोठ्याच्या पायरीवर वाटीत दूध ठेवायची आणि सकाळी वाटी चाटूनपुसून स्वच्छ असायची. चौथीत असताना मी रात्रभर खिडकीत बसायचं ठरवलं. अकराच्या सुमाराला शेजाऱ्यांचं मांजर आलं, सावकाश दूध प्यायलं, मिशा पुसल्या आणि गेलं. ती बशी जिच्यावर ठेवलेली असते ती तिजोरी बघून होम्स हेलनला काय विचारतो? हिच्यात मांजर तर नाही ना! प्रश्न अगदी बरोबर होता. नंतर कथेनेच त्याला सापाकडे नेलं.

गुहागर

दादा, माझा मुद्दा पलंगाचा. ज्युलिया त्या खोलीत झोपायची, नंतर हेलन झोपली. दोघींपैकी एकीनेही पलंग कधी हलवला नाही? आमच्या माहेरी माजघरातली जमीन शेणाची होती. दर आठ दिवसांनी सारवण, म्हणजे पलंग, पेटी, पाटा सगळं बाहेर. तुळशीच्या लग्नाआधी तर घर अक्षरशः उलटं करायचं. फरशी आली तरी आई पलंग ओढून खालचा केर काढल्याशिवाय सोडायची नाही, कारण झुरळं आणि पाली तिथेच, आणि त्यांच्यामागे साप.

मी हा भाग सासूबाईंबरोबर पाहिला. त्या मालवणकडच्या. होम्स पलंग ओढून बघतो आणि गंभीर होतो, तिथे त्या ताडकन म्हणाल्या, “मगे इतके दिवस पलंगाखालचो केर कोण काडी होता गो?”

घंटेच्या दोराचंही तेच. हेलन सांगते की आम्हाला लागेल ते आम्हीच आणतो, म्हणून दोर कधी ओढला नाही. नवा दोर लावलाय आणि एकदाही ओढून बघावासा वाटला नाही? आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात घंटेचा दोर पोरांच्या हाताला लागू नये म्हणून वर गुंडाळून ठेवतात, तरी पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून वाजवतात.

देवरूख

मी पंधरा वर्षं घरात शिरलेले साप पकडून जंगलात सोडतो. या भागावर बोलायची फार दिवसांची इच्छा होती.

शीळ. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही. जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते. हवेतले खालच्या पट्टीतले काही आवाज त्याला जाणवतात असं अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे, पण माणसाची शीळ बहुतेक त्या पट्टीच्या वरची. आणि समजा जाणवली, तरी शीळ म्हणजे घरी परत ये, हे सापाला शिकवता येत नाही. माझ्या बरणीतला साप मला पंधरा दिवसांनीही ओळखत नाही, ओळखण्याची त्याला गरजही नाही.

दूध तर नाहीच. साप मांसाहारी. नागपंचमीला जे नाग दूध पिताना दिसायचे ते आधी कित्येक दिवस तहानलेले ठेवलेले असायचे. दूध त्यांना पचत नाही आणि फुप्फुसात गेलं तर ते मरतात. असे दोन नाग माझ्या हातात गेले आहेत.

आता दोर. साप चढतात, उत्तम चढतात. धामण माडावर चढताना मी पाहिली आहे. पण चढायला खडबडीत आणि स्थिर काहीतरी लागतं. साखरपा बाजूला एका कठडा नसलेल्या विहिरीत नाग पडला होता. घरच्यांनी आधी रहाटाचा काथ्याचा दोर सोडून ठेवला होता, येईल चढून म्हणून. मी काठावर पालथा पडून बघत होतो. नाग दोराजवळ आला, अंगाचे दोन वेढे घातले, हातभर वर सरकला. खालून सुटा असलेला दोर फिरायला लागला, वेढे सैल पडले आणि तो पाण्यात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही, दगडाच्या कपारीला डोकं टेकून राहिला. मग आम्ही आंब्याची पानांसकट फांदी टोपलीला बांधून सोडली. पाच मिनिटांत तो पानांत शिरला आणि आम्ही टोपली वर ओढली. रॉयलॉटचा दोर वर आकड्याला अडकवलेला आणि खाली उशीवर सुटा. त्यावरून साप खाली येईल, सरपटत म्हणा किंवा पडत म्हणा. परत वर जाण्याबद्दल मला फार शंका आहे.

शेवटी होम्स छडीने मारतो, साप चिडून परत जातो आणि मालकाला चावतो. मार खाल्लेला साप सूड घेत नाही. तो जवळची अंधारी फट शोधतो. तिथे पलंगाखालीच गेला असता.

वेंगुर्ले

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. रॉयलॉटच्या आवारात चित्ता आणि बबून मोकळे फिरतात आणि कथेत त्यांना हिंदुस्थानातून मागवलेले प्राणी म्हटलं आहे. चित्ता ठीक. आपल्याकडे तेव्हा होता, संस्थानिक शिकारीसाठी पाळायचे, घाटावर कोल्हापूरलाही पाळत. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पण बबून हिंदुस्थानात कधीच नव्हता. तो आफ्रिकेतला आणि अरबस्तानातला. आपल्याकडे माकड आणि वानर. ‘स्वॅम्प अ‍ॅडर’ नावाचा, भारतातला सर्वांत विषारी म्हणून सांगितलेला साप तर कुठल्याच यादीत नाही.

संगमेश्वर

मी परिचारिका आहे, ग्रामीण रुग्णालयात बावीस वर्षं झाली. होम्स म्हणतो की चावल्यावर दहा सेकंदांत तो मेला. हे वाक्य मला सहन होत नाही.

आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यत्वे चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातला कुठलाच दहा सेकंदांत मारत नाही. नाग आणि मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात, बोलणं जडावतं, मग श्वास थांबतो. घोणस आणि फुरसं रक्ताची गोठण्याची शक्तीच काढून घेतात. फुरशाचा माणूस चालत येतो, बाकावर बसतो, माझ्याशी बोलतो. आणि चूळ भरतो तेव्हा पाणी लाल येतं.

तेव्हा आम्ही काय करतो ते सांगते, कारण कुठल्याही मालिकेत हे दाखवत नाहीत. नवी, कोरडी काचेची नळी घ्यायची. त्यात दोन मिली रक्त. नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. नातेवाईक दारात उभे असतात आणि मी नळीकडे बघत असते. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त जेलीसारखं तळाला धरून राहिलं तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलं आहे, प्रतिसर्पविषाच्या बाटल्या लगेच काढायच्या. त्या एका तिरक्या करण्यात मला दर वेळी पोटात खड्डा पडतो.

ज्युलियाच्या मरणानंतर तपासात विषाची खूण सापडत नाही. घोणस किंवा फुरसं असतं तर सूज आणि रक्तस्राव कोणालाही दिसला असता. मण्यारीचे दात दिसत नाहीत हे खरं, पण तिच्या विषाला तास लागतात. म्हणजे हा कुठलाच साप नाही, सगळ्यांचं एकेक लक्षण उचललेला आहे.

राजापूर (धागा काढणारा)

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही. एक भर घालतो. कथा छापून आली १८९२ साली. त्याच्या आधीपासून इंग्रज सरकार आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस देत होतं. म्हणजे खऱ्या सापाची माहिती सरकारदप्तरी होती, ती लंडनच्या कथेपर्यंत पोचली नाही.

लांजा

संगमेश्वरच्या ताईंनी लिहिलं म्हणून मी लिहितो आहे, नाहीतर हे मी घराबाहेर कधी बोललो नव्हतो.

माझा चुलतभाऊ नववीत होता. मे महिना, काजूच्या बिया वेचायला आम्ही दोघं कातळावरच्या बागेत गेलो होतो. वाळलेल्या पानांत त्याने हात घातला. वीतभर लांबीचं, मातकट रंगाचं काहीतरी आठाच्या आकड्यासारखं वेटोळं करून बसलेलं होतं आणि अंगाला अंग घासून आवाज करत होतं, लाकडावर कानस फिरवल्यासारखा. बोटाला चावलं. आम्ही धावत घरी आलो.

घरी सगळे जमले. अर्धा तास झाला, त्याला काही झालं नाही. मोठी आत्या म्हणाली, विषारी असतं तर पोर एव्हाना गेलं असतं. आणि सगळ्यांना हायसं वाटलं. त्याला जेवू घातलं. मी पण त्याच पंगतीला बसून जेवलो. संध्याकाळी हात कोपरापर्यंत सुजला आणि रात्री हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा जीप मिळवून नेला. वाचला. आठ दिवस राहावं लागलं आणि एका बोटाचं पेर गेलं.

आत्याने होम्स कधी पाहिला नव्हता. पण ती ‘दहा सेकंदांत मरतो’ची समजूत तिच्याही डोक्यात होती, आणि ती दर दुसऱ्या चित्रपटात आहे. साप चावला, माणूस निळा पडला, मान टाकली. मी तो भाग आजही आवडीने पाहतो. त्या वाक्याला मात्र आवाज बंद करतो.

चिपळूण

सुतारकाम करतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघडणारा झरोका हे होम्सला विचित्र वाटतं. आपल्या जुन्या कौलारू घरांत मधल्या भिंती आढ्यापर्यंत जातच नाहीत. वर सगळं एकच. माजघरात खोकला काढला तर पडवीत ऐकू येतो, आणि उंदरामागे निघालेली धामण वाशांवरून चारही खोल्या फिरते. त्यामुळे रॉयलॉटला आमच्याकडे गवंडी बोलवावाच लागला नसता. आणि शीळही सगळ्या घराने ऐकली असती.

मालवण

सगळं मान्य, तरी शेवटची अंधारातली दहा मिनिटं मला आजही घाम फोडतात. फक्त एक खटकतं. होम्सला सापाचा संशय आलेला आहे. तो वॉटसनला धोका आहे एवढंच सांगतो आणि त्या खोलीत काळोखात बसवतो, साप म्हणत नाही. पावसाळ्यात दिवे गेले की आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालासुद्धा सांगतात, बॅटरी घे, काठी आपट, उंबऱ्याबाहेर बघून पाय टाक. मित्राला आधी सांगायला हवं होतं.

कणकवली

मला उलट बाजूचं सांगायचं आहे. बरेच जण विचारतात की ज्युलियाने काडी पेटवून बघितलं, मग मरताना सरळ “साप” का म्हणाली नाही? “स्पेकल्ड बँड” असं कोड्यात का बोलली? शिवाय बँड म्हणजे पट्टा आणि टोळीही, म्हणून हेलनला आवारात उतरलेल्या जिप्सींचा संशय येतो. मराठीत सांगताना हा घोटाळा सांगताच येत नाही, पट्टा म्हटलं की टोळी जाते.

पण न म्हणण्याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, किरडू म्हणतात. आणि चावला तर “पान लागलं” म्हणतात.

आमची आजी गवताच्या उडवीपाशी होती, तिन्हीसांजेची वेळ. ती ओरडली, “पान लागला गो माका!” अंगणात तेव्हा एकटी माझी काकू होती, मुंबईत वाढलेली, लग्न होऊन दोन महिने झालेले. तिने पदर खोचला, आजीजवळ गेली, पायावर चिकटलेलं पान शोधायला लागली. सापडेना. आजी पुन्हा तेच म्हणाली. काकू दुसऱ्या पायावर शोधायला लागली. गोठ्यातून आजोबा आले तेव्हा कळलं. आजोबांनी तिला पाठुंगळी घेतलं आणि काकू अनवाणी पुढे धावली, रस्त्यावर गाडी थांबवायला.

आजी त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. काकू अजून सांगते की मी पानच शोधत होते.