वडिलांना साक्षीदार म्हणून सारखं पोलीस ठाण्यात बोलावतात, जावंच लागतं का? मदत हवी आहे

नमस्कार. थोडं सविस्तर लिहितो, कारण आमचं नेमकं कुठे चुकतंय तेच कळत नाहीये.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. महिन्याभरापूर्वी इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन घरांत मारामारी झाली. बाबांनी गॅलरीतून मोबाइलवर थोडं चित्रीकरण केलं. एका घराने फिर्याद दिली आणि बाबांकडे व्हिडिओ आहे असं सांगितलं. तेव्हापासून तीनदा फोन आला, 'उद्या अकराला या.' लेखी काही नाही. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला गेले होते, बाबा तीनपर्यंत बाकावर बसून परत आले. दुसऱ्यांदा जबाब घेतला आणि खाली सही घेतली. चष्मा घरी राहिला होता, तसं सांगायची त्यांना भीड पडली, त्यामुळे काय लिहिलंय ते वाचलंच नाही. तिसऱ्यांदा मोबाइल ठेवून घेतला. पावती नाही, पंचनामा नाही.

काल चौथा फोन आला. रात्री उठून पाहिलं तर बाबा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्या दिवशी काय काय घडलं ते वेळेसकट लिहून काढत होते. बीपीची गोळी सकाळच्या शर्टाच्या खिशात आधीच घालून ठेवलेली. ज्यांनी काही केलेलं नाही त्यांच्यावर ही वेळ यावी, याचा फार त्रास होतो.

त्यांनी जायलाच हवं का? सही करून बसलेत त्याचं काय? मोबाइल परत कसा मागायचा? पोलिसांशी वाकडं घ्यायचं नाहीये. 'पोलिसांना कायदा शिकवायचा नसतो,' हे बाबांचं पालुपद आहे.

प्रतिसाद १
फौजदारी वकिली करते. आधी एक गोष्ट पक्की करा: बाबांना साक्षीदार म्हणून बोलावलंय की संशयित म्हणून? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

साक्षीदार असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचं, कलम १७९ लागू होतं (१ जुलै २०२४ पूर्वी सुरू झालेल्या तपासात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० पाहायचं). बोलावणं लेखी आदेशाने हवं. आणि ६० वर्षांवरील पुरुष, १५ वर्षांखालील मुलगा, कोणतीही स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या ठिकाणाहून दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. जुन्या कायद्यात ही मर्यादा ६५ होती. स्वखुशीने जायचं असेल तर मात्र मनाई नाही.

सहीची धास्ती घेऊ नका. तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. फिर्यादीवर मात्र ती देणाऱ्याची सही लागते. लोक या दोन्हींत गल्लत करतात आणि समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही करून मोकळे होतात. बाबांनी सही केलेला कागद नक्की जबाबच होता का, ते शांतपणे विचारून घ्या. पंचनाम्यावर पंच म्हणून सही घेतली असेल तर पुढे कोर्टात तसं उभं राहावं लागेल.

साक्षीदाराने काहीच बोलायचं नाही असं नसतं. विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यावी लागतात. ज्या उत्तराने स्वतःवरच गुन्ह्याचा ठपका येऊ शकतो, तेवढं नाकारता येतं.

प्रतिसाद २
उद्या समजा संशयित म्हणूनच बोलावलं, तर? अटक न करता हजर राहायला सांगायचं असेल तर कलम ३५(३) ची नोटीस लागते, आणि ती व्हॉट्सॲपवर बजावून चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. पण रीतसर नोटीस आली तर टाळू नका, न गेल्यास अटक होऊ शकते. अटक झालीच तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. वकिलाला भेटता येतं. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर फिरवा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)
मोबाइलचं राहिलं. पोलीस पुरावा म्हणून वस्तू जप्त करू शकतात, पण जप्तीची यादी करून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि कलम १०५ प्रमाणे या सगळ्याचं चित्रीकरणही करावं लागतं. ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा: अमुक तारखेला मोबाइल घेतला, जप्ती पंचनाम्याची प्रत द्यावी. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तो शिक्का नसेल तर तुम्ही तिथे गेलात याला पुरावा नाही. जप्ती दाखवली असेल तर मोबाइल परत मिळण्यासाठी मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो.

धागाकर्ता
मनापासून आभार. आज बाबा गेले नाहीत. मीच फोन केला, वय सांगितलं, लेखी आदेश पाठवा आणि जबाब घरी येऊन घ्या, चहा घेऊनच जा, असं म्हटलं. पलीकडचे हवालदार क्षणभर थांबले, मग म्हणाले, 'साहेबांना विचारून सांगतो.' आवाज चढला नाही.

अर्ज लिहून झालाय. मोबाइलचं बिल सापडत नाही, पण खोका माळ्यावर मिळाला, त्यावर आयएमईआय क्रमांक आहे. बिलाशिवाय तेवढ्यावर अर्ज देता येईल ना? उद्या दहाला ठाण्यात जाणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.